शेंद्र्याच्या वेशीवर युरोपची मोटार

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा 27 जानेवारी 2026 रोजी दिल्लीत झाली. त्या मसलतीतील कलमे अनेक आहेत. परंतु आमच्या शहराने ज्या कलमावर बोट ठेवून विचार करावयास हवा, ते मोटारींचे आहे. युरोपात तयार झालेल्या संपूर्ण मोटारीवर आजवर 110 टक्क्यांपर्यंत आयातकर बसत असे. हा कर टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांपर्यंत उतरावयाचा आहे. सवलत वर्षाला अडीच लाख मोटारींपुरती मर्यादित राहील आणि मोटारींच्या सुट्या भागांवरील कर पाच ते दहा वर्षांत पुरता उठेल, असे ठरले आहे. ब्रिटनशी 24 जुलै 2025 रोजी झालेल्या करारानेही ठराविक संख्येपुरता हाच मार्ग मोकळा केला आहे. सात दशके आपण जो तट बांधून मोटारधंद्याला आत जपले, त्या तटाला आता दरवाजा पडला, हे मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे.

या वार्तेने दोन प्रकारची मंडळी बोलती झाली आहेत. एका पक्षाला देशी कारखानदारीचा अंतकाळ दिसू लागला आहे. दुसऱ्या पक्षाला वाटते की, आता जर्मन मोटारी भाजीबाजाराच्या भावाने मिळतील. दोघांनीही आकड्यांकडे पाहिलेले नाही. सन 2024-25 मध्ये देशात सुमारे 43 लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या. त्यांत ज्यांना ऐषारामी म्हणतात अशा मोटारींची वार्षिक विक्री 50 हजारांच्या आसपास आहे. म्हणजे शंभरांत एक, फार तर सव्वा. मध्यमवर्गीय माणूस कर्ज काढून जी लहान मोटार घेतो, तिला या दरवाजाने येणाऱ्या पाहुण्यापासून तूर्त भय नाही. पण अडीच लाखांची मर्यादा ही आजच्या ऐषारामी बाजाराच्या पाचपट आहे, हेही विसरता येत नाही. घाव बसावयाचा तो महागड्या मोटारीवर बसेल. आणि महागड्या मोटारींची जोडणी जेथे होते, अशा देशातील मोजक्या ठिकाणांपैकी शेंद्रा हे एक आहे. म्हणूनच दिल्लीतील ही घोषणा आमच्या दारची गोष्ट ठरते.

देशी कोण आणि विदेशी कोण?

स्पर्धेचे मूल्यमापन करण्यापूर्वी स्पर्धक कोण, हे तरी निश्चित व्हावयास हवे. आणि येथेच पहिली पंचाईत आहे. मारुतीची मोटार ही आपण आपली समजतो. परंतु त्या कंपनीचे बहुसंख्य भाग जपानच्या सुझुकी कंपनीकडे आहेत. उलट जग्वार आणि लँड रोव्हर ही नावे इंग्रजी. पण 2008 पासून त्यांची मालकी टाटांची. इंग्लंडात बनलेली त्यांची मोटार मुंबईच्या बंदरात उतरली, तर तिला देशी म्हणावयाचे की विदेशी? नावावरून वा भांडवलावरून हा प्रश्न सुटत नाही. आमच्या मते कसोटी एकच असू शकते : मोटारीच्या किमतीतील किती रुपये या देशातील हातांना, यंत्रांना आणि डोक्यांना मिळाले? ज्या मोटारीचा पत्रा येथे ओतला, दाबला, इंजिन येथे घडले आणि आराखडा येथल्या अभियंत्याने काढला, ती देशी. जिचे सुटे भाग पेटीत बंद होऊन आले आणि येथे केवळ पेच आवळले गेले, ती कोणत्याही नावाची असो, अर्धी पाहुणीच होय.

जोडणी आणि निर्मिती यांतील हा भेद नवा नाही. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला मोटारजोडणी सुरू केली होती. फोर्ड कंपनीही मुंबईत होती. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ कमिशनने 1953 साली असा निर्वाळा दिला की, ज्यांच्यापाशी खऱ्या निर्मितीचा कार्यक्रम आहे त्यांनाच या देशात स्थान असावे. केवळ जोडणी करणाऱ्या त्या दोन बड्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली उभारलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स यांना मैदान मोकळे झाले. निर्णय धाडसाचा होता, आणि त्यामुळे सुट्या भागांचे हजारो लहान कारखाने देशात उभे राहिले, हे त्याचे खरे श्रेय आहे.

परंतु त्याच निर्णयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्पर्धा नाही म्हटल्यावर कारखानदाराला सुधारणेची गरज उरली नाही. फियाट आणि अँबॅसडर यांच्यात निवड करावयाची, पैसे भरावयाचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, असा तो काळ होता. ज्या तटाआड बालकाला वाढवावयाचे, त्याच तटाआड ते म्हातारे झाले! डिसेंबर 1983 मध्ये मारुतीची पहिली मोटार बाहेर पडली तेव्हा ग्राहकांची जी झुंबड उडाली, ती त्या कंटाळ्याचीच साक्ष होती. पुढे 30 डिसेंबर 1998 रोजी टाटांनी पुण्यात घडविलेली इंडिका बाजारात आणली, आणि 2002 साली महिंद्रांची स्कॉर्पिओ आली. या दोन्ही गाड्या परदेशी कंपन्या देशात शिरल्यानंतरच्या आहेत, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. स्पर्धेने देशी धंदा मेला नाही. तो जागा झाला.

सरकारने 1997 साली परदेशी कंपन्यांवर अट घातली होती की, तीन वर्षांत निम्मे आणि पाच वर्षांत 70 टक्के भाग देशी असले पाहिजेत. युरोपीय संघ व अमेरिका यांनी जागतिक व्यापार संघटनेत तिला आव्हान दिले, निकाल आपल्या विरुद्ध गेला, आणि 2002 पर्यंत ती अट इतिहासजमा झाली. म्हणजे कायद्याने ‘अमुक भाग येथलाच घ्या’ असे सांगण्याचा मार्ग बंद झाला. उरले होते ते आयातकराचे हत्यार. आणि आता तेही बोथट होत आहे.

वाळूजचा धडा, शेंद्र्याचा प्रश्न

या सगळ्याचा अर्थ आमच्या शहराला आपल्याच दोन दिशांकडे पाहून कळू शकतो. पश्चिमेला वाळूज आहे, पूर्वेला शेंद्रा.

वाळूजला 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. बजाजांचा स्वतःचा प्रवासही आयातीपासूनच सुरू झाला होता. 1948 साली त्यांनी इटलीच्या स्कूटर आयात केल्या. 1959 मध्ये त्या येथे बनविण्याचा परवाना मिळविला. परवान्याचा करार संपल्यावर 1972 मध्ये स्वतःच्या नावाने चेतक आणली. आयात, परवाना आणि मग स्वतःची निर्मिती, असा हा जिना आहे. वाळूजला कारखाना आला तो तिसऱ्या पायरीवर चढलेला. त्यामुळे त्याला भाग पुरविणारे कारखाने त्याच्या आसपासच उगवले. ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बजाजला पुरविण्यापासून सुरुवात केलेली एन्ड्युरन्स आज इटली व जर्मनीतही कारखाने चालविते. व्हेरॉकचा जन्मही याच मातीतला. त्यांच्या खाली शेकडो लहान उद्योजक, साचे बनविणारे, कातकाम करणारे, रंग देणारे आहेत. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून आलेल्या मुलाला यंत्रापाशी उभे राहावयास वाळूजने शिकविले.

शेंद्र्याची कथा निराळी आहे. स्कोडा कंपनीने 2001 साली तेथे ऑक्टाव्हियाची जोडणी सुरू केली. 2007 पासून त्याच छपराखाली ऑडीच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. तेव्हाच्या औरंगाबादला याचा अभिमान वाटला, आणि तो रास्त होता. जगातील उत्तम मोटारी जोडणारे हात येथे तयार झाले. परंतु 2009 मध्ये फोक्सवॅगनने मोठा कारखाना काढला तो चाकणला. पुढे भारतासाठी म्हणून जी मोटार त्या समूहाने घडविली, ती कुशाक, ती स्लाव्हिया, ती कायलॅक, सगळी चाकणची. तिच्यात 95 टक्क्यांपर्यंत देशी भाग असल्याचे कंपनी सांगते. जी मोटार देशी झाली ती घाट उतरण्याच्या वाटेवर राहिली. आमच्याकडे राहिली ती पेटीतून येणारी कोडियाक आणि ऑडी. पंचवीस वर्षांत शेंद्रा त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरून फारसे वर चढले नाही, हे कटू असले तरी सत्य आहे.

आजवर या पहिल्या पायरीला आयातकराचा टेकू होता. संपूर्ण मोटारीवर 110 टक्के आणि जोडणीसाठी आणलेल्या संचावर प्रकारानुसार 15 ते 35 टक्के, असे अंतर असल्यामुळे मोटार येथे आणून जोडणे परवडत असे. उद्या संपूर्ण मोटार 10 टक्क्यांवर आली आणि सुटे भाग करमुक्त झाले, तर हे अंतर 10 टक्क्यांचे उरेल. दहा टक्क्यांच्या अंतरासाठी कोणती कंपनी स्वतंत्र जोडणीशाळा चालवील? वाऱ्याची दिशा आधीच दिसली आहे. फोक्सवॅगनची टिग्वान पूर्वी शेंद्र्यात जोडली जात होती. 2025 मध्ये तिची नवी आवृत्ती विक्रीस आली ती परदेशातून पूर्ण बांधून. कर पुरा असताना जर हे घडू शकते, तर कर उतरल्यावर काय घडेल, याचा अंदाज बांधावयास ज्योतिषी नको.

त्यातच सीमाशुल्क खात्याने सप्टेंबर 2024 मध्ये या समूहाच्या भारतीय कंपनीला 1.4 अब्ज डॉलरची, म्हणजे सुमारे 12 हजार कोटी रुपयांची नोटीस दिली. जवळजवळ संपूर्ण मोटारीच वेगवेगळ्या खेपांतून सुटे भाग म्हणून आणल्या आणि कमी कर भरला, असा खात्याचा आरोप आहे. कंपनीने तो अमान्य करून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायनिवाडा करणे हे आमचे काम नव्हे. पण एक गोष्ट कोणाच्याही ध्यानी येईल. भाग किती सुटे केले म्हणजे मोटार मोटार राहत नाही, या प्रश्नावर ज्या धंद्याचा नफा आणि जगणे अवलंबून असते, तो धंदा वाळूवर उभा आहे. नियम संदिग्ध ठेवून वर्षानुवर्षे स्वस्थ बसणाऱ्या सरकारलाही येथे दोषमुक्त करता येणार नाही.

मिरविणे आणि घडविणे

या शहराचे नाव महागड्या मोटारींच्या संदर्भात देशभर गाजले ते 2010 साली. येथल्या धनिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारी एकाच सौद्यात घेतल्या. सौदा सुमारे 65 कोटींचा होता, आणि त्यातील मोठी रक्कम स्टेट बँकेने 7 टक्के व्याजाने दिली. मागासलेल्या मराठवाड्याची पत सिद्ध झाली म्हणून त्या वेळी पुष्कळांची छाती फुगली. पण त्याच काळात ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला याहून चढे व्याज भरावे लागत होते, हेही तेव्हाच निदर्शनास आणले गेले होते. मोटार विकत घेण्याची ऐपत ही प्रतिष्ठा खरी. पण मोटार घडविण्याची ऐपत ही त्याहून मोठी प्रतिष्ठा आहे, आणि तिची मिरवणूक निघत नाही एवढेच.

ती ऐपत कमावण्याची संधी पुन्हा दाराशी आली आहे. 31 जुलै 2024 रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सामंजस्य करार करून बिडकीनला 20 हजार कोटींची गुंतवणूक जाहीर केली. विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी जेएसडब्ल्यूचा प्रकल्प आणि एथरचा कारखानाही ऑरिकमध्ये योजिला गेला आहे. बिडकीनच्या शेतकऱ्याने जमीन दिली, जायकवाडीने पाणी द्यावयाचे आहे. त्या बदल्यात आम्हांला काय हवे, हे आम्ही आताच ठरविले पाहिजे. नाही तर आणखी पंचवीस वर्षांनी कोणी तरी बिडकीनविषयी हेच लिहील. जनरल मोटर्सने तळेगावचा कारखाना डिसेंबर 2020 मध्ये थांबविला तेव्हा कामगारांवर कोणता प्रसंग गुदरला, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला, हे त्या गावाचे भाग्य. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात एक गेला तर दुसरा येतो. मराठवाड्यात दुसरा सहजी येत नाही.

म्हणून आमची मागणी तट पुन्हा उंच करा अशी नाही. तो मार्ग एकदा चोखाळून झाला आहे, आणि त्याचे फळ अँबॅसडरच्या रूपाने आपण दीर्घकाळ चाखले. मागणी आहे ती तीन गोष्टींची. कर कोणत्या वर्षी किती उतरणार आणि संच कशाला म्हणावे, याचे वेळापत्रक व व्याख्या केंद्राने निःसंदिग्ध शब्दांत जाहीर कराव्यात. म्हणजे कारखानदाराला आपला मार्ग आखता येईल आणि वाद न्यायालयात कुजत पडणार नाहीत. दुसरे, देशी भागांची सक्ती करता येत नसली तरी देशी मूल्यवर्धन निम्मे असेल तरच उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन द्यावयाचे, हे धोरण केंद्राने 2021 पासून मोटारधंद्याला लागू केले आहेच. त्याचा लाभ मोठ्या कंपनीपाशी न थांबता तिला भाग पुरविणाऱ्या वाळूज-चिकलठाण्याच्या लहान कारखान्यापर्यंत पोचावा, यासाठी राज्याने बिडकीनमध्ये लहान उद्योजकांना परवडणाऱ्या भावाने भूखंड राखून ठेवावेत. तिसरे, आमच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांना विजेवरील मोटारींचे तंत्र शिकविण्याइतके बळ द्यावे. हात स्वस्त आहेत म्हणून आलेला कारखाना, ते अन्यत्र स्वस्त मिळाले की जातो. डोके येथे आहे म्हणून आलेला कारखाना टिकतो.

आणि काही कर्तव्य आमच्या उद्योजकांचेही आहे. सुट्या भागांवरील कर उठल्याने युरोपचा माल जसा येथे येईल, तसाच येथला माल युरोपात जाण्याचाही मार्ग सुकर होईल. करार दोन्ही बाजूंनी वाहतो. चेतकने ज्या देशाची विद्या घेतली, त्याच इटलीत वाळूजच्या कारखानदाराने पुढे आपला कारखाना चालविला, हा या शहराचाच इतिहास आहे. येत्या पाच-दहा वर्षांत शेंद्रा आणि बिडकीन यांनी तो जिना चढावयाचा आहे. वेळ थोडा आहे, पण वाळूजचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. आणि ज्या शहराने एकदा हे करून दाखविले, त्याला ते दुसऱ्यांदा जमणार नाही असे मानावयास आम्ही तयार नाही.