प्रतीक्षेतही रोग वाढतो

कर्करोगाचे निदान झाले की उपचार त्वरित सुरू होतील, ही रुग्णाची स्वाभाविक अपेक्षा. प्रत्यक्षात तपासणीचा अहवाल, शस्त्रक्रियेची तारीख, किरणोपचारांचा क्रमांक अशा एकामागून एक रांगा त्याच्या वाट्याला येतात. रोग मात्र थांबत नाही. सात प्रकारच्या कर्करोगांविषयीचा एक अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. उपचारास चार आठवड्यांचा विलंब झाल्यास मृत्यूचा धोका ६ ते १३ टक्क्यांनी वाढतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

यात दोष डॉक्टरांचा नाही. १९४१ साली परळला सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे आजही देशभरातून रुग्ण येतात. नंदुरबार वा गडचिरोलीहून आलेल्या कुटुंबाची मुंबईतील मुक्कामात मजुरी बुडते, दागिने मोडले जातात. अखेर ‘जे नशिबात असेल ते होईल’ म्हणत काही जण उपचार अर्धवट सोडून गावी परततात.

समाजाने या दुःखाकडे पाठ फिरवलेली नाही. परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही त्याची साक्ष होय. नागपुरात डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाच्या संस्थेने उभारलेल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे २०२३ मध्ये उद्घाटन झाले. परंतु निवाऱ्याने प्रतीक्षा सुसह्य होते, कमी होत नाही, हे आपण प्रामाणिकपणे ओळखले पाहिजे. रांगेतल्या माणसाला अन्न दिल्याचे समाधान आपल्याला रांगेविषयीच उदासीन करणार असेल, तर ती सेवा अपुरी ठरेल.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दैनिक उपचार केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. केमोथेरपी जिल्ह्यातच मिळू लागली, तर रुग्णाची पायपीट वाचेल आणि मोठ्या रुग्णालयांवरील भारही हलका होईल. मात्र केवळ खाटा मांडून केंद्र चालत नाही. प्रशिक्षित परिचारिका आणि औषधांचा अखंड पुरवठा लागतो. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून याविषयी विचारणा करण्यास संकोचण्याचे कारण नाही.

दुसरे काम आपल्याच हातचे आहे. प्रत्येक तालुक्यात एका कार्यकर्त्याने कर्करुग्णांची कागदपत्रे, शासकीय योजनेची मंजुरी आणि पुढील तारखा यांचा पाठपुरावा स्वीकारावा. एका अपुऱ्या कागदापायी वाया जाणारा आठवडा वाचवणे, हीदेखील रुग्णसेवाच आहे.