साहेब, अर्ज तरी घ्यायचा होता

प्रति,
शाखाधिकारी साहेब, पनवेल


मी नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या डोंगराखालच्या गावात राहते. आमच्या बचत गटाची मी 12 वर्षे अध्यक्ष आहे. तुमच्या बँकेचे नाव इथे लिहीत नाही. तुमची बदनामी करावी म्हणून हे पत्र नाही. तुमच्या टेबलासमोर उभी राहून जे सांगत होते ते तुम्ही ऐकून घेतले नाहीत, म्हणून ते आज चारचौघांत सांगते आहे.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वहिनीला घेऊन मी तुमच्याकडे आले होते. पहाटेच्या टेम्पोने ती पनवेलला यायची आणि उरण नाक्याजवळ बसून भाजी विकायची. पहिला पाऊस पडला की शेवळं, मग टाकळा, कुर्डू, करटोली आणि पुढे मांडवावरची शिराळी, पडवळ. तिला 40 हजार हवे होते: मांडवाला तार-बांबू, बी-खत आणि एक वजनकाटा. मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतचे शिशु कर्ज विनातारण मिळते, हे मला माहीत होते. ही योजना 8 एप्रिल 2015 पासून चालू आहे. अर्ज मीच भरला होता.

अकरा वाजल्यापासून आम्ही बाकावर बसलो होतो. दीडच्या सुमाराला तुम्ही बोलावलेत आणि कागद न उघडताच विचारलेत, ‘सातबारा कोणाच्या नावावर?’ तिच्या सासऱ्यांच्या आणि दिरांच्या नावावर आहे. ‘मग नवऱ्याला घेऊन या.’ मी पिशवीतून गटाचे रजिस्टर काढले. 12 वर्षांच्या बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि प्रत्येक पानावर बायकांच्या सह्या. त्यात वहिनीचा एकही हप्ता थकलेला नाही. तुम्ही ते हाताने बाजूला सारलेत. साहेब, दाखवायला आमच्याकडे तेवढेच होते.

बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘उगाच तुझा दिवस मोडला.’

पुढच्या आठवड्यात फायनान्सवाले गावात आले. ते ओटीवर बसले, तिचे नाव विचारले, धंदा विचारला, आधार कार्ड घेतले आणि चार दिवसांत पैसे दिले. ते आले हा त्यांचा दोष मी मानत नाही. कर्जाला मात्र एकमेकींना जामीन राहणाऱ्या पाच जणींचा गट लागत होता. चौघी झाल्या होत्या, म्हणून मला गरज नसताना पाचवी मी झाले.

व्याज 24 टक्के. प्रोसेसिंग फी आणि विम्याचे पैसे आधीच कापून घेतले. 24 महिने, दर महिन्याला 2,115 रुपये. म्हणजे 40 हजारांवर व्याजच जवळपास पावणेअकरा हजार. तुम्ही 12 टक्क्यांनी दिले असतेत तर ते 5,200 च्या आत बसले असते. फरक साडेपाच हजारांचा. शेवळांची जुडी 30 रुपयांना गेली तर त्या 185 जुड्या झाल्या. प्रत्येक जुडीसाठी पावसात डोंगर चढावा लागतो, शेवळं घरी आणून निवडावी लागतात, रात्री बांधावी लागतात. हा हिशेब मी तिच्यासमोर मांडला तेव्हा ती किती तरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली.

महाराष्ट्रात 2014 चा सावकारी कायदा आहे. त्याखाली परवाना असलेल्या सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जावर 18 टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. फायनान्स कंपन्यांना तो कायदा लागू नाही, आणि एप्रिल 2022 पासून रिझर्व्ह बँकेनेही त्यांच्या व्याजावरची मर्यादा काढून टाकली. मर्यादा काढताना असे धरले होते की कर्ज देणारे अनेक असतील आणि बाई स्वस्त तिकडे जाईल. पण तुमचा दरवाजा बंद असेल तर तिने निवड कशातून करायची?

श्रावणात तीन दिवस पाऊस लागून राहिला. बाजार बसला नाही. वहिनीचा मुलगा तापाने दवाखान्यात होता. हप्त्याच्या दिवशी तिच्याकडे 600 रुपये होते. वसुलीचा मुलगा पंचविशीचा, तोही कुठल्या तरी गावचाच. त्याच्यावर वरून दडपण होते. रात्रीचे आठ वाजले तरी तो ओटीवरून उठेना. ‘सगळ्या मिळून भरा, नाहीतर कोणालाच पुढचे कर्ज नाही.’ एकीने 500 दिले, एकीने 300, उरलेले 715 मी घातले. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. कोणी तिला काही बोलले नाही, पण तिच्याकडे कोणी पाहिलेही नाही.

कर्जदाराला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोनसुद्धा करू नये, हप्ता ठरलेल्या जागी घ्यावा, असे रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. ते मी नंतर वाचले. त्या रात्री कोणालाच माहीत नव्हते.

त्या दिवसापासून वहिनी आमच्याबरोबर पहाटेच्या टेम्पोला येत नाही. अर्धा तास आधी निघते आणि फाट्यापर्यंत चालत जाते. तिला माझे 715 रुपये देणे आहे, म्हणून ती माझ्यासमोर येत नाही. आमच्या परसांमध्ये एक कुंपण आहे. 15 वर्षे त्याच्यावरून कालवणाची वाटी इकडून तिकडे जात होती. आता जात नाही. तुम्ही सातबारा विचारलात, म्हणजे तारण हवे होते. साहेब, आमच्याकडे होते. तो शेजार होता, आणि तोच गहाण पडला.

1992 साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला घेतले, ते गरीब बाई जमीन दाखवू शकत नसली तरी शिस्त दाखवू शकते, या भरवशावर. त्याच्याही आधी, 1975 साली गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी एकत्र केले आणि बँकेच्या दारापर्यंत नेले. म्हसवडच्या बायकांना बँक काढायची होती. त्या निरक्षर आहेत म्हणून आधी परवाना नाकारला गेला. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेकडे गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. या गोष्टी प्रशिक्षणात ऐकल्या तेव्हा माझा ऊर भरून आला होता. तुमच्या शाखेतून बाहेर पडताना त्याच गोष्टी आठवल्या, आणि रडू आले.

मी कर्जमाफी मागत नाही. घेतलेला पैसा आम्ही फेडतो. माझे मागणे तीनच गोष्टींचे आहे. बाईचा अर्ज तिच्या नावाने घ्या आणि पोच द्या. नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या. आणि गटाचे रजिस्टर उघडून बघा.

येत्या मंगळवारी मी पुन्हा येणार आहे. तोच अर्ज, तेच रजिस्टर. वहिनीलाही चल म्हणून काल कुंपणाशी जाऊन सांगितले. ती अजून हो म्हणालेली नाही.

आपली,
बचत गटाची एक अध्यक्ष,
ता. पनवेल, जि. रायगड