धक्क्याचें मोजमाप

आमच्या हातून घडलेली एक चूक या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावयाची आहे. चूक एका वाक्याची. परंतु तिच्यापायीं घरांतील मुलाचें मनगट मोडलें. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनें दुरुस्त करणाऱ्या आम्हांस आपली चूक मात्र काड्यापेटीएवढ्या एका यंत्रानें दाखवून दिली.

आम्ही व आमचे धाकटे बंधु संगमनेरास एकत्र राहतों. बंधूंच्या चिरंजीवास डोंगरांत सायकल चालविण्याचा नाद आहे. अकोले तालुक्यांत, जेथें महाराष्ट्रांतील सर्वांत उंच असें कळसूबाईचें १६४६ मीटरांचें शिखर आहे, त्या बाजूच्या पायवाटांवर तो सुटीच्या दिवशीं मित्रांसह जातो. या सायकली आमच्या वेळच्या सायकलींसारख्या नव्हेत. पुढील काट्याच्या नळ्या एकींत एक सरकतात. एका नळींत कोंडलेली हवा स्प्रिंगचें काम करते, आणि दुसरींत तेल बारीक छिद्रांतून वाहून तिची उसळी आवरतें.

नवी सायकल घरीं आली त्या दिवशीं पुतण्यानें विचारलें, "अण्णा, काट्यांत हवा किती भरूं?" आम्ही पस्तीस वर्षें सायकलीवरून शाळेंत गेलेले. क्षणाचाहि विचार न करितां सांगितलें, "चांगली टणक भर. मऊ चाकाची सायकल आणि मऊ हाताचा मास्तर, दोन्ही कामाचीं नाहींत." मुलानें वडिलकीचा मान राखला. तिसऱ्याच रविवारीं दगडगोट्यांच्या उतारावर पुढचें चाक धोंड्यावरून उडालें, आणि डावा हात सहा आठवडे प्लॅस्टरांत गेला. घरांत आम्हांस कोणी एक शब्द बोललें नाहीं. त्याच्या आईनें मात्र सायकल माळ्यावर टाकविली.

हात बरा झाल्यावर पुण्याच्या एका मित्रानें त्यास हें यंत्र चार दिवस वापरावयास दिलें. शॉकविझ असें त्याचें नांव. नायजेल वेड नांवाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें तें योजिलें, २०१५ सालीं लोकवर्गणीनें त्याला भांडवल मिळालें, व पुढें अमेरिकेंतील स्रॅम या सायकलीचे भाग करणाऱ्या कंपनीच्या क्वार्क या शाखेनें तें आपल्याकडे घेतलें. तें काट्यांत हवा भरण्याच्या तोंडाशीं जोडतात. सायकल धावूं लागली कीं आंतील हवेचा दाब तें सेकंदास शंभर वेळां मोजतें. जागा कमी झाली कीं कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो. म्हणून दाबावरून काटा किती दबला, किती वेगानें परत आला, खडा खडा आदळला काय, हें सर्व त्यास कळतें. हा नियम बॉइलनें १६६२ सालीं मांडला. संस्कृताच्या जोडीला प्रसंगीं विज्ञानाचा तास घेतांना तो आम्हीं स्वतः फळ्यावर कितीदां लिहिला असेल! तो अंगणांतल्या सायकलीस लावण्याचें मात्र सुचलें नाहीं.

आपल्या अहिल्यानगरास संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तेथें मुद्दाम खडबडीत केलेल्या मार्गांवरून गाड्या पळवून त्यांची परीक्षा घेतात. तोच प्रकार आतां एका सायकलीपुरता खिशांत मावूं लागला आहे, एवढाच याचा अर्थ.

पहिल्या फेरीनंतर पुतण्यानें मोबाइल आमच्यापुढें धरला. शंभरांपैकीं गुण पडले होते, आणि ते आमच्या वर्गांत नापास ठरले असते. शेरा असा: हवा कमी करा, उसळी अधिक आवरा. आमच्या टणक काट्यास दगड गिळतां येत नव्हता, म्हणून चाक त्यावरून उडे. पुतण्यानें थोडी थोडी हवा सोडली, प्रत्येक वेळीं त्याच उतारावर पुनः फेरी केली आणि आंकडे वहींत टिपले. चौथ्या दिवशीं ती वही त्यानें आईपुढें ठेविली. तिनें ती दोनदां वाचली व म्हणाली, "जा, पण शिरस्त्राणावांचून नको."

आतां पालकांसाठीं दोन शब्द. हें यंत्र प्रारंभीं चारशे डॉलरांच्या आसपास विकलें जाई. शिवाय तें हवेच्या काट्यासच चालतें, पोलादी स्प्रिंगेस नाहीं. एकदां जुळणी साधली कीं त्याचें काम थोडें उरतें, तेव्हां दहा मुलांनीं मिळून एक वापरावें. तेंहि न जमल्यास काट्याच्या नळीवर एक रबरी कडें असतें. स्वार सर्व सामानासह सायकलीवर स्थिर बसला असतां तें किती सरकतें तें पहावें. एकंदर चालीच्या पंचमांश ते चतुर्थांश काटा दबला, तर हवा साधारण योग्य समजावी. नंतर दाबमापक असलेल्या हातपंपानें कमीजास्त करावी. गायकाच्या गळ्याप्रमाणें तंबोरा लावितात, तसा हा काटा स्वाराच्या वजनाप्रमाणें लावावयाचा असतो. दुसऱ्याचा आंकडा कामास येत नाहीं. वाटेनुसार आपोआप घट्ट व मोकळे होणारे काटेहि निघाले आहेत. पण त्यांतहि आरंभीं हवा स्वारालाच भरावी लागते.

या यंत्राची एक रीत आमच्या मनांत राहिली आहे. पुरेसे धक्के मोजून होईपर्यंत तें पक्का सल्ला देत नाहीं. आपली खात्री कितपत झाली, हेंहि सांगतें. शिवाय स्वारास संथ चाल हवी कीं धाडसी, हें त्यास आधीं सांगावें लागतें. आम्हीं मुलाचें वजन विचारलें नव्हतें, वाट पाहिली नव्हती, आणि खात्री मात्र पूर्ण होती. एकत्र कुटुंबांत वडील माणसांचा शब्द सहसा कोणी मोडीत नाहीं. म्हणूनच तो उच्चारण्यापूर्वीं चौकशी करणें हें वडिलांचें काम आहे.

गेल्या महिन्यांत पुतण्यानें मागील चाकाच्या धक्काशोषकाविषयीं पुनः विचारलें, "अण्णा, यांत हवा किती?" आम्ही चष्मा पुसला व म्हणालों, "आधीं तूं बैस पाहूं. कडें कोठवर सरकतें तें बघूं."