ती पाठमोरी बाई कोण?

कलासमीक्षक सांगतात, चित्र बघताना रंग बघा, प्रकाश बघा, रचना बघा. बघितलं बाबा. पण आमची नजर आधी राबणाऱ्या माणसावर जाते. त्याला इलाज नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची खोड आहे ती.

देलाक्रवाचं 'अल्जिअर्सच्या स्त्रिया' घ्या. साल १८३४. पॅरिसच्या लूव्रमध्ये टांगलंय. तीन बाया गालिच्यावर बसल्यात. दागिने, हुक्का, सुस्ती. आणि उजव्या कडेला चौथी. काळी. आपल्याकडे पाठ करून उभी. मोलकरीण. समीक्षकांनी पानंच्या पानं खरडली ती त्या तिघींवर. चौथी म्हणजे त्यांना जणू पडद्याची घडीच!

हा देलाक्रवा तिथं पोचला कसा? १८३० साली फ्रेंच फौजेनं अल्जिअर्स घेतलं. १८३२ साली हा सरकारी शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेला आणि वाटेत अल्जिअर्सला उतरला. आधी तोफ गेली, मागून ब्रश गेला. आणि चित्र विकत घेतलं कुणी? फ्रान्सच्या राजानं, लुई फिलिपनं.

अँग्र नावाचा दुसरा बाप्या तर पूर्वेला कधी गेलाच नाही. तरी १८६२ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, 'तुर्की स्नान' पुरं केलं. नागव्या बायांचा नुसता ढीग. पूर्व बघायची गरजच काय? पूर्व यांच्या डोक्यात होती, आणि डोक्यात काय होतं ते कॅनव्हासवर दिसतंच आहे.

आता जेरोम. १८६६ चं 'गुलामांचा बाजार'. उघडी बाई उभी, गिऱ्हाईक तिच्या तोंडात बोटं घालून दात तपासतंय. बैल घेताना तपासतात तसं. बोटं अरबाची, डोळे पॅरिसच्या शेटजीचे. पाप त्याचं, मजा याची! आणि वर हळहळायचं, काय हे रानटी लोक!

अरे, रानटी कोण? देलाक्रवा जनानखाना रंगवत होता तेव्हा मार्टिनिक आणि ग्वादलूपच्या उसाच्या मळ्यांत फ्रेंच मालकांचे काळे गुलाम मरमर मरत होते. क्रांतीनं १७९४ साली गुलामगिरी रद्द केली, नेपोलियननं १८०२ साली परत आणली. कायमची गेली १८४८ साली. पण या पंथाच्या चित्रांत गुलामाचा मालक कोण? तुर्क, नाहीतर अरब. स्वतःच्या परसातला उकिरडा यांना दिसत नाही.

१८४५ साली होरास व्हेर्नेनं अब्द अल कादिरचा तळ फ्रेंचांनी कसा लुटला ते एकवीस मीटर लांब रंगवलं. व्हर्सायला लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये दाहराच्या गुहांत लपलेल्या बाया, पोरं, म्हातारे कर्नल पेलिसिएच्या फौजेनं तोंडाशी आग लावून गुदमरवून मारले. शेकड्यांनी. त्यांच्यासाठी व्हर्सायच्या भिंतीवर एकवीस मीटर जागा निघाली नाही.

म्हणून आम्ही सुलतानाचे वकील होणार नाही. अरबांच्या बाजारातही माणसं विकली जात होती. ते खोटं नाही. त्या काळ्या बाईला मालकानंही राबवलं आणि चित्रकारानंही. म्हणून आम्ही उभे राहतो ते तिच्याच बाजूला.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. २०१९ साली जर्मनीतल्या एएफडी या उजव्या पक्षानं जेरोमचं हेच चित्र निवडणुकीच्या पोस्टरवर छापलं. मुसलमान आले, तुमच्या बायकांचं असं होईल, ही भीती विकायला. चित्र ज्या अमेरिकन संग्रहालयात आहे त्यानं निषेध केला. पण दीडशे वर्षं भरून ठेवलेली बंदूक होती ती, कुणीतरी चाप ओढणारच होतं.

दोस्तहो, जेरोम गुलाम रंगवून मानमरातब मिळवत होता त्याच काळात, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं. अर्पण केलं ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. जोतीरावांना गुलामाचं अंग उघडं करून बघावं लागलं नाही. त्यांनी बेडी ओळखली, कारण तीच बेडी इथल्या शूद्रातिशूद्रांच्या पायांत होती. १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं तेही अमेरिकेतल्या काळ्या भावंडांकडून. हे नातं कुठल्या संग्रहालयानं जोडून दिलेलं नाही.

तेव्हा ही चित्रं फाडू नका. बघा. पण मधल्या गालिच्यावरून नको, उजव्या कडेपासून बघायला लागा. ती पाठमोरी बाई कोण, तिला पगार किती, ती निजते कुठं, हे विचारा. समीक्षक गप्प बसतील. बसू देत. आपण विचारत राहू.