वानप्रस्थ समुद्रापलीकडे

सेवेंतून निवृत्त झाल्यावर एखाद्या उबदार, संथ देशीं जाऊन उरलेलें आयुष्य निवांत घालवावें, ही कल्पना मूळची थंड मुलखांतील लोकांची. बर्फ, धुकें व महागाई यांस कंटाळून ते थायलंडास किंवा पोर्तुगालास जाऊन राहतात. आतां आपल्याकडील पेन्शनरांच्या बैठकींतही मॉरिशसचें नांव निघूं लागलें आहे. आमच्या आसगांवच्या माणसास उबेसाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं; वैशाखांत भंडारा जिल्ह्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. संथपणाचीही येथें वाण नाहीं. तथापि मुलें दूर देशीं, घर रिकामें, मग कोठेंही राहिलें तरी सारखेंच, असें पुष्कळांच्या मनांत येतें.

मॉरिशस आपणांस अगदींच परकें नाहीं. १८३४ पासून हिंदी लोक मुदतबंद मजूर म्हणून तेथें नेले गेले, व त्यांत कोंकणांतील मराठी माणसेंही होतीं. गणेशचतुर्थीस तेथें आज सार्वजनिक सुटी असते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ सालीं जागतिक वारशांत गणला गेला. ते लोक पोटासाठीं गेले. आपण विश्रांतीसाठीं जाणार.

पन्नाशी गांठलेल्या परकी निवृत्तास तेथें राहण्याचा परवाना मिळूं शकतो. त्याची मुदत २०२० सालीं दहा वर्षांची करण्यांत आली. मात्र त्यानें ठराविक रक्कम नियमितपणें बाहेरून आणली पाहिजे, आणि ती अमेरिकन डॉलरांत ठरलेली आहे. आपलें पेन्शन रुपयांत. रुपया उतरला कीं तीच रक्कम भरावयास अधिक पैसे लागतात. शिवाय दर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला पाठवावा लागतो. हा सर्व हिशेब पुरुषमंडळी कागदावर चोख मांडतात.

एक हिशेब मात्र सहसा मांडला जात नाहीं. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत वानप्रस्थास दोन मार्ग सांगितले आहेत: पत्नीस पुत्रांच्या हवालीं करून वनांत जावें, किंवा तिला बरोबर न्यावें. दोन्ही मार्गांत निर्णय त्याचा. आजच्या परवान्याच्या अर्जांतही बहुधा तेंच घडतें. अर्जदार पति, पत्नी त्याची आश्रित. तिच्या परवान्याची मुदत त्याच्याहून अधिक नसते.

समजा, चार वर्षांनीं पति निवर्तला. सत्तरीची बाई, तिला क्रिओल येत नाहीं, फ्रेंच येत नाहीं. ज्याच्या नांवावर राहण्याचा हक्क होता तो गेला, आणि इकडे आसगांवचें घर विकून टाकलेलें. मुलगा विमानानें येईल, दहा दिवस राहील. पुढें तिनें कोणाच्या दारीं जावयाचें? पूर्वी काशीस जाऊन राहणारीं मराठी कुटुंबें दुर्गाघाट, ब्रह्मघाट अशा भागांत वस्ती करून असत. मागें राहिलेल्या बाईस आपल्या भाषेंत बोलणारी शेजारीण तरी मिळे. मॉरिशसच्या मराठी घरांत आज नित्य व्यवहार बहुतेक क्रिओल भाषेंतच चालतो.

शिवाय विश्रांतीचा अर्थ दोघांस एक नसतो. त्याची नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षीं सुटते. स्वयंपाकघरास पेन्शन नाहीं. एकत्र कुटुंबांत हाताखालीं सून असते, सोबतीस जाऊ असते. परमुलखांत दोन माणसांचा संसार तिलाच एकटीला नव्यानें मांडावा लागतो.

जाऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. समुद्र ओलांडावा कीं नाहीं, हा वाद आपल्या पणज्यांनींच मिटविला. परंतु प्रथम तेथील वादळांच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर ते मे या काळांत, दोघांनीं महिनाभर राहून पाहावें. घर विकूं नये. तिच्या नांवावर स्वतंत्र रक्कम ठेवावी, आणि आपल्या माघारीं ती कोठें राहील हें मुलांसुनांसमक्ष लिहून ठेवावें. सर्वांत आधीं तिला विचारावें. चारचौघांपुढें नव्हे, कारण तेथें ती 'तुम्ही म्हणाल तसें' एवढेंच म्हणेल. एकांतीं विचारावें, व उत्तरास आठ दिवस लागले तर तितके थांबावें. ती येथेंच राहूं म्हणाली, तर वैनगंगेच्या कांठचें पवनी, ज्यास विदर्भाची काशी म्हणतात, आपल्या तालुक्याचेंच गांव आहे. वानप्रस्थास तेवढें अंतर पुष्कळ झालें.