उपवासाला चालतं, पण आलं कुठून?

मंडळी, विकांत आहे, तेव्हा एक साधा जनरल नॉलेजचा प्रश्न. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, रताळं, हिरवी मिरची आणि राजगिरा. यातलं मूळचं भारतातलं काय?

उत्तर: काहीच नाही. सगळी पिकं अमेरिका खंडांतली. आपला साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेतला. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी भाताला पर्याय म्हणून त्याचा प्रसार केला. (सागो नावाच्या झाडाच्या खोडातून निघतो तो साबुदाणा मलाया-इंडोनेशियाकडचा. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल बंद झाला आणि तमिळनाडूत सेलमच्या बाजूला कंदापासून साबुदाणा करायचा धंदा उभा राहिला.) बटाटा हा तर शब्दच पोर्तुगीज. ज्ञानेश्वरी १२९० ची, कोलंबस निघाला १४९२ ला. म्हणजे माउलींच्या एकादशीला शेंगदाण्याचं कूट घातलेली खिचडी असणं शक्यच नव्हतं. वरीचे तांदूळ मात्र आपल्याकडचे जुने.

मग हे सगळं 'चालतं'च्या यादीत शिरलं कसं? पुराणातली कथा अशी की एकादशीला पाप अन्नात, म्हणजे धान्यात, लपून बसतं. म्हणून तांदूळ, गहू, डाळी बंद. आता आमच्या भाषेत ही झाली ब्लॅकलिस्ट. जे यादीत आहे ते अडवा, बाकी सगळं सोडा. यादी बनली तेव्हा बटाट्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे तो आला आणि आरामात फायरवॉलच्या आत गेला. हा अर्थात माझा तर्क, पण मला तरी दुसरं काही पटत नाही.

यात सगळ्यात भन्नाट गोष्ट राजगिऱ्याची. मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांचं हे महत्त्वाचं पीक. सम्राटाला खंडणीतसुद्धा राजगिरा जायचा. त्यांचा युद्धदेव विट्झिलोपोच्टली, त्याची मूर्ती सणाला राजगिऱ्याच्या पिठाची करायचे आणि मग तिचे तुकडे प्रसाद म्हणून खायचे. या मूर्ती माणसाच्या रक्तात मळलेल्या असतात, असं खुद्द कोर्तेसने स्पेनच्या राजाला लिहिलंय. १५२१ मध्ये त्याने राजधानी टेनोच्टिट्लान जिंकली. मागोमाग आलेल्या पाद्र्यांना हा प्रकार म्हणजे चर्चमधल्या पवित्र प्रसादाची सैतानी नक्कल वाटली. विधी बंद पाडले गेले, पीकही मागे पडलं. थोडक्यात, एकच दाणा. तिकडे धर्मामुळे बदनाम झाला आणि इकडे धर्माच्या आधाराने घरोघरी पोचला. मेक्सिकोत आजही मध घालून राजगिऱ्याच्या वड्या करतात, नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. दिसायला हुबेहूब आपली राजगिरा चिक्की!

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं क्विझमध्ये दहा मार्क मिळवायला ठीक आहे, पण माझ्या घरी हा प्रश्न आईच्या शुगरचा आहे. तिला टाइप टू डायबेटिस आहे आणि दोन्ही एकादश्या, चतुर्थी आणि श्रावणी सोमवार ती सोडत नाही. खरा उपवास केला तर शरीर आधी यकृतातलं ग्लायकोजेन वापरतं, ते संपत आलं की चरबीकडे वळतं. साबुदाण्याची खिचडी खाल्ली की हे सगळं तिथेच थांबतं. १०० ग्रॅम साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी आणि प्रोटीन एक ग्रॅमही नाही. सगळा स्टार्च, वर बटाटा. मीटरवरचा आकडा दुपारी बघवत नाही.

अशा वेळी घरात दोनच पार्ट्या असतात. एक म्हणते, पूर्वापार चालत आलंय, त्यामागे सायन्स आहे. दुसरी म्हणते, अंधश्रद्धा आहे, सोडून दे. मला दोघांचाही वैताग येतो. पहिलीने इतिहास वाचलेला नाही आणि दुसरीला आई कळलेली नाही. जिने चाळीस वर्षं एकादशी केली तिला "सोड" म्हणणं हा काय सल्ला झाला? यादी माणसांनीच वेळोवेळी वाढवली असेल, तर त्यातलं काय घ्यायचं हे आपणही ठरवू शकतो, एवढंच माझं म्हणणं. राजगिऱ्याची भाकरी, बेताची दाण्याची आमटी, ताक, काकडी. यातलं एकही तिच्या यादीबाहेरचं नाही. (उपवासाच्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं ते मात्र डॉक्टरांनाच विचारा, मला नाही.)

मेक्सिकोची सगळी कथा मी आईला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "मग त्या रक्तात मळलेल्याचं पीठ आपल्या देवाला कसं रे चालतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण गेल्या एकादशीला भाकरी झाली. खिचडीही होती, वाटी जरा लहान होती.