एका बाइटवरून फोर्क काढावा का?

दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या संगणक क्लबमध्ये एक तंटा सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. अकरावीच्या एका कॅडेटने गेम बॉयसाठी छोटा खेळ लिहिला आहे. गेम बॉय म्हणजे निन्टेन्डोचे १९८९ सालचे हातात मावणारे यंत्र. त्याची कामाची मेमरी अवघी ८ किलोबाइट. खरे यंत्र आपल्याकडे नाही, एम्युलेटरवर भागवतो. लॅबमध्ये खेळ छान चालत होता. सुट्टीत त्याने घरच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम पुन्हा असेंबल केला आणि खेळ पहिल्याच पडद्यावर गोठला. एक अक्षरही बदललेले नव्हते.

प्रेपनंतरच्या दोन संध्याकाळी घालवल्यावर कारण सापडले. पालकांसाठी थोडे सांगतो. असेंब्लर म्हणजे प्रोसेसरच्या भाषेतल्या सूचनांचे बाइट बनवून देणारा प्रोग्राम. आपला क्लब आरजीबीडीएस नावाचा मुक्त असेंब्लर वापरतो. लॅबमध्ये त्याची जुनी आवृत्ती आहे, मुलाच्या घरी नवी. गेम बॉयच्या प्रोसेसरला ‘हाल्ट’ म्हटले की तो थांबून इंटरप्टची वाट पाहतो. पण एका विशिष्ट परिस्थितीत हाल्टच्या पुढचा बाइट चुकून दोनदा वाचला जातो. ही चिपमधलीच खोड आहे. तिच्यावर उपाय म्हणून जुना असेंब्लर प्रत्येक हाल्टनंतर एक ‘नॉप’, म्हणजे काहीच न करणारी सूचना, स्वतःहून घालत असे. लिहिणाऱ्याला न विचारता. पुढे ही सवय काढून टाकली गेली: जे लिहिले तेच असेंबल व्हावे. त्यामुळे घरच्या फाइलमध्ये एक बाइट कमी पडला आणि त्यापुढचे सगळे पत्ते एकेक घर मागे सरकले. आपल्या कॅडेटने एका ठिकाणी उडीचा पत्ता लेबलऐवजी थेट आकड्यात लिहिला होता. उडी भलत्याच बाइटवर पडली.

चूक त्याची होती, हे त्याने मान्य केले. पण क्लबमधल्या तिघांनी निराळाच निष्कर्ष काढला. जुनी सवय कायम ठेवणारा आपलाच फोर्क काढायचा आणि त्याला शाळेचे नाव द्यायचे! फोर्क म्हणजे मूळ प्रकल्पाची प्रत घेऊन स्वतंत्र वाटेने पुढे नेणे, मराठीत रस्त्याला फुटतो तसा फाटा. आरजीबीडीएस २०१८ पासून एमआयटी परवान्याखाली आहे. मूळ परवाना आणि श्रेयाची नोंद सोबत ठेवली की कोणीही तसे करू शकतो. यावर माझ्या एका सहकारी प्रशिक्षकांचे म्हणणे पडले की, उद्या प्रत्येक हाउस आपापला असेंब्लर काढेल. तुकडीला ड्रिल एकच असते.

सहकाऱ्यांचा मुद्दा शाळेत पटकन पटतो. फुटून निघणे म्हणजे बेशिस्त, असे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण ज्या असेंब्लरची शिस्त आपण राखू पाहतो, त्याचा वंशवृक्ष बघा. १९९७ मध्ये तो एएसमोटर या नावाने बाहेर आला. १९९९ मध्ये दुसऱ्याने त्यातून फक्त गेम बॉयपुरता भाग वेगळा काढला. २००९ मध्ये तिसऱ्याने तो युनिक्स वळणाच्या प्रणालींसाठी घडवला, २०१० मध्ये चौथ्याने त्याचा फोर्क केला, आणि आपण वापरतो तो त्या चौथ्याचा वारस. एएसमोटरही आपल्या वाटेने चालत राहिला. चित्रे गेम बॉयच्या साच्यात बदलणारे साधन आणखी एकाने वेगळे लिहायला घेतले होते, ते २०१६ मध्ये याच प्रकल्पात सामील झाले. फाटा पुन्हा मुख्य रस्त्याला मिळू शकतो, तोही कोणाची मान खाली न जाता.

दुसरे उदाहरण मॅथ्यू डिलन यांचे. त्यांनी ऐंशीच्या दशकात लिहिलेला डीएएसएम हा असेंब्लर पुढे इतरांनी वाढवला; अवघी १२८ बाइट रॅम असलेल्या अटारी २६०० या यंत्रासाठी आजही लोक त्यावर खेळ लिहितात. याच डिलन यांनी २००३ मध्ये फ्रीबीएसडीचा फोर्क काढून ड्रॅगनफ्लाय बीएसडी सुरू केली. मतभेद होता तो अनेक प्रोसेसरांवर कर्नल कसे चालवावे, याबद्दल. त्याला बंड म्हणणारे म्हणोत. मला त्यात एक स्पष्ट तांत्रिक कारण आणि ते निस्तरण्याची तयारी दिसते.

हेच मी आपल्या तिघांना विचारतो: तुमचे कारण एवढे मोठे आहे का? हाल्टखाली हाताने ‘नॉप’ लिहिले की काम भागते. आवृत्तीच हवी असेल तर ती पक्की ठरवून टाका. पोकेमॉन रेड हा खेळ बाइटवरून पुन्हा असेंब्लीत लिहून काढणाऱ्या मंडळींनी नेमके हेच केले आहे. आरजीबीडीएसची कोणती आवृत्ती घ्यायची ते त्यांच्या सूचनांमध्ये लिहिलेले असते, आणि तयार झालेली फाइल मूळ कार्ट्रिजशी बाइट न् बाइट जुळते का, हे चेकसमने तपासता येते. मते कितीही असोत, निकाल चेकसम देतो.

फोर्क काढायला एक दुपार पुरते. तो सांभाळायला माणूस लागतो, आणि आपली मुले बारावीनंतर जातात. शाळेच्या नावाचा, तीन वर्षे कोणी हात न लावलेला असेंब्लर पुढच्या बॅचच्या गळ्यात पडला, तर तिला जगभरातले नवे धडे सोडून आपल्याच जुन्या खोडी शिकाव्या लागतील. ही भीती मला बेशिस्तीपेक्षा जास्त वाटते. उलट, उद्या कोणाला चुकांचे संदेश देवनागरीत द्यावेसे वाटले आणि मूळ प्रकल्पाने नको म्हटले, तर त्या फोर्कसाठी माझ्या रविवारच्या दुपारी मी देईन.

सध्या लॅबच्या फळ्यावर आवृत्तीचा क्रमांक लिहिला आहे. घरीही तीच घालायची. आकड्याच्या जागी लेबल आले आणि खेळ आता दोन्हीकडे चालतो. तिघे मात्र हटलेले नाहीत. त्यांना दोन अटी घातल्या आहेत: क्लबचे सगळे जुने प्रोग्राम तुमच्या फोर्कमधून बाइट न् बाइट तसेच निघाले पाहिजेत, आणि तुमच्यानंतर तो सांभाळायला नववीतला एक कॅडेट तयार हवा. पहिली अट त्यांनी गेल्या आठवड्यात पुरी केली. नववीतले कोणी अजून मिळालेले नाही.